दुर्गेश्वरीचं इंग्रजी, उमेंद्रचे कान

उमेंद्र पटलेने बायकोच्या तोंडून आपलं नाव पहिल्यांदा ऐकलं ते एका इंग्रजी वाक्याच्या मधोमध, तेही चालत्या जिप्सीत, मागे पाहुणे बसलेले असताना. लग्नात तिने उखाण्यात घेतलं असेल म्हणा. पण त्या वेळी बँडवाले जीव तोडून वाजवत होते आणि ते काही त्याच्या कानापर्यंत पोचलं नव्हतं. पुढे संसार झाला, मुलगी शाळेत जायला लागली, तरी नाव नाही. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. दुर्गेश्वरी त्याला ‘अजी’ म्हणायची, परक्यांपुढे ‘रुचीचे बाबा’ म्हणायची, आणि बँकेत साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं की लहानग्या रुचीला पुढे करायची, “सांग ना वो, बाबाचं नाव सांग साहेबाले.”

मी केशोराव. नागझिऱ्याच्या जंगलाच्या एका गेटवर माझं कँटीन आहे. कँटीन म्हणजे पत्र्याचं छप्पर, खाली दोन बाकं, पोहा-तर्री, भजी आणि चहा. सफारीहून परतलेले पाहुणे, जिप्सीवाले, गाईड, सगळे माझ्याकडेच टेकतात, कारण दुसरीकडे टेकायला जागाच नाही. त्यामुळे कोणाला वाघ दिसला, कोणी दिसल्याची थाप मारली आणि कोणाचं कोणाशी बिनसलं, हे मला वनखात्याच्या आधी कळतं. पाहुण्यांपैकी काही जण ग्रीन टी मागतात. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, सकाळी सकाळी तोंड कशाला खराब करा.

उमेंद्र आमच्या गेटवर जिप्सी चालवतो. त्याच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तो जळका आहे. आईच्या पोटातून जळका आला असावा. पोरवयात चुलत्याच्या बैलजोडीने शंकरपटात पहिला नंबर मारला, तर हा घरी येऊन जेवला नाही. बांधापलीकडचं धान आपल्यापेक्षा वीतभर उंच दिसलं की याचं डोकं दुखायचं. गेटवरच्याच दुसऱ्या जिप्सीवाल्याने, आमच्या भैयाजीने, गाडीला नवे सीट कव्हर घातले, तेव्हा उमेंद्र आठवडाभर माझ्या चहाला नावं ठेवत होता. माणूस मात्र वाईट नाही. कोणाची गाडी चिखलात फसली की दोर घेऊन पहिला हाच धावतो. दोर बांधता बांधता त्याचे टायर आपल्यापेक्षा नवे आहेत का, तेवढं बघून घेतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी गावातल्या बायकांनाही गाईड करायचं ठरलं आणि बारावी झालेली दुर्गेश्वरी प्रशिक्षणाला गेली. तिथे शिकवणारी मॅडम हुशार निघाली. तिने सांगितलं, पुस्तक घोकू नका, पाहुण्याला लागतात तेवढी वाक्यं तोंडात बसवा आणि घरी दिवसभर वापरा. दुर्गेश्वरीने ते मनावर घेतलं. गोठ्यात शिरणाऱ्या वासराला ‘वॉच युअर हेड’, कोंबड्याला ‘प्लीज कीप क्वाएट’, अंगणात चिखल करणाऱ्या रुचीला ‘धिस वे, प्लीज’. सासूला, म्हणजे शकुंतलाबाईंना, तिने एकदा अदबीने विचारलं, ‘वूड यू लाइक सम टी?’ म्हातारी म्हणाली, “टी राहू दे तुह्याजवळ, मले चाय दे.”

हे सगळं उमेंद्रच माझ्याकडे बसून सांगायचा आणि पोट धरून हसायचा. बायको खेळते आहे असं त्याला वाटत होतं. खेळ संपल्यावर ती पुन्हा आपली भाकरी थापायला बसेल, अशी त्याची समजूत होती.

ती बसली जिप्सीत. आणि तिथून याच्या पोटात दुखायला सुरुवात झाली. गेटवर गाईडचेही नंबर लागतात आणि जिप्सीचेही. ज्या गाईडचा नंबर ज्या गाडीवर येईल, तो त्या गाडीत बसतो. म्हणजे दुर्गेश्वरी आज भैयाजीच्या शेजारी, उद्या आणखी कोणाच्या. उमेंद्रला हे कसं खपावं? तो इतर जिप्सीवाल्यांच्या मागे लागला, “माह्या नंबर तू घे, तुह्या मले दे.” म्हणजे तिचा नंबर नेमका याच्या गाडीवर यावा. पोरांनी ओळखलं. एका अदलाबदलीला एक प्लेट भजी, असा भाव ठरला. भैयाजीने तर त्या हिवाळ्यात घरून डबा आणणंच सोडलं. माझा धंदा वाढला, खोटं कशाला बोलू.

असं करून बायको त्याच्या शेजारच्या सीटवर आली. पहिल्याच फेरीत ती मागे वळून पाहुण्यांना म्हणाली, “गुड मॉर्निंग. माय नेम इज दुर्गेश्वरी. अवर ड्रायव्हर इज मिस्टर उमेंद्र.” प्रशिक्षणात तसंच शिकवलं होतं, ड्रायव्हरची ओळख करून द्यायची. उमेंद्रची गाडी म्हणे चाकोरी सोडून गवतात गेली. पुढे रस्त्याने तिने आणखी दोनदा ते नाव घेतलं. ओळख तर एकदाच करून द्यायची असते! आणि दर वेळी मागचे पाहुणे हसले.

घरी जाताना त्याने विषय काढलाच.

“तू माह्यं नाव घेतलं.”

“ते इंग्रजीत होतं,” दुर्गेश्वरी म्हणाली. “इंग्रजीत घेतलं त नाई लागत.”

“मंग पाहुने काऊन हासले?”

“पक्ष्याचं सांगत होती.”

“त्या पक्ष्याचं नाव उमेंद्र आहे का?”

तिने वाटेकडे तोंड फिरवलं. घरी ती अशी मोजकीच बोलायची. त्यांच्या घरात बोलणं म्हणजे उमेंद्रने विचारायचं आणि तिने जपून उत्तर द्यायचं. कोणत्या शब्दाने हा पेटेल याचा नेम नसायचा. हसली तर ‘काऊन हासली’, गप्प बसली तर ‘काऊन गप्प आहेस’. दुकानदाराशी दोन शब्द जास्त बोलली तर रात्रीच्या वरणात त्याला मीठ कमी लागायचं. मारझोड नाही, दारू नाही, पण घरात सतत धूर कोंडल्यासारखं. तिने म्हणून शब्दांची काटकसर शिकून घेतली होती.

आणि हीच बाई गाडीत मागे वळली की बदलायची. पाहुणे तरुण असोत, म्हातारे असोत, नवी नवरी असो, ती हातवारे करून, भुवया उडवून बोलायची आणि खळखळून हसायची. उमेंद्र शेजारी बसून स्टिअरिंग आवळायचा. एखाद्या पुरुषाशीच हसली असती तर भांडण सोपं होतं. पण ती सगळ्यांशीच हसायची. शेवटी त्याला खुद्द इंग्रजीचाच मत्सर वाटायला लागला. त्याच्या बायकोचं हसणं त्या भाषेला मिळत होतं आणि त्याला मिळत होतं ‘भाजी वाढू का?’

मग उमेंद्रसाहेब इंग्रजी शिकायला निघाले. मोबाइलवर शिकवणारी कोणी बाई शोधून काढली, कानात वायरी घातल्या, आणि दुपारच्या रिकाम्या वेळेत जिप्सीत आडवा पडून पुटपुटायला लागला. पण त्या बाईचा जंगलाशी संबंध नव्हता. ती विमानतळ, हॉटेल आणि दवाखाना शिकवायची. एक दिवस उमेंद्र माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “गुड आफ्टरनून. आय हॅव अ रिझर्व्हेशन.”

मी उमेदीत नागपूरच्या एका हॉटेलात वेटर होतो. माझं इंग्रजी पोटापुरतं आहे, मेनूकार्डापासून बिलापर्यंत. तेवढं मला समजलं. मी म्हटलं, “बस त्या बाकावर. तेच तुह्यं रिझर्व्हेशन.”

“हासू नका जी, काका. मले शिकवा.”

“तुले कायले पाहिजे? कोनाशी बोलायचं आहे?”

“मले बोलायचं नाई,” तो म्हणाला. “मले ऐकायचं आहे.”

आता खरं सांगतो, मला त्याचा राग यायला हवा होता. बायकोवर पाळत ठेवायला कोणी भाषा शिकतं का? पण मला हेवाच वाटला. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. चारचौघांत माझं नाव घेऊन माझी थट्टा करणारं आता कोणी उरलेलं नाही, इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही. याच्याजवळ ते होतं आणि हा त्याच्यावरच जळत होता. तरीही मी त्याला शिकवायला लागलो. वाक्य मी म्हणायचं, अर्थ त्याने सांगायचा. ‘द टी इज टू हॉट.’ ‘शी इज नॉट कमिंग टुडे.’ ‘व्हाय आर यू लाफिंग?’ हे शेवटचं त्याने हट्टाने मागून घेतलं. तसंच आणखी एक, ‘व्हॉट डिड शी से?’ ती काय म्हणाली? हे वाक्य तो भजी चावता चावता म्हणायचा, पाणी पिता पिता म्हणायचा.

बोडीच्या पाण्यात गरी टाकून बसावं तसा तो गाडीत कान लावून बसायचा. सुरुवातीला बारके मासे लागले. ट्री, वॉटर, लेफ्ट, स्लो. मग जरा मोठे. ‘ऑल्वेज’ म्हणजे नेहमी, ‘नेव्हर’ म्हणजे कधीच नाही. आणि मग एक दिवस त्याच्या हाती अख्खं वाक्य लागलं. तो धापा टाकत माझ्याकडे आला.

“काका, ती म्हनाली, उमेंद्र इज अ व्हेरी गुड ड्रायव्हर. म्हंजे लय चांगला ड्रायव्हर. बराबर?”

“बराबर. मंग तोंड कायले पाडलं?”

“त्याच्या पुढं बट म्हनाली.” तो बाकावर टेकला. “बट म्हंजे पन ना जी?”

“पनच.”

“मंग पनच्या पुढं का आहे?”

“मी का तुह्या जिप्सीत बसून होतो?”

‘बट’च्या पुढचं ती भरभर बोलून जायची आणि पाहुणे हसायचे. पूर्ण हिवाळा त्याचा त्या ‘पण’मध्ये गेला. रोज नवा अंदाज. पण घोरतो? पण दहावी नापास आहे? पण चिक्कू आहे? “मी चिक्कू आहे का जी?” असं त्याने मला माझ्याच भज्यांची तिसरी प्लेट भैयाजीपुढे ठेवताना विचारलं. घरी तो विचारू शकत नव्हता. विचारलं असतं तर आपण इंग्रजी शिकतो हे कबूल करावं लागलं असतं. मग चिडचिड भलतीकडेच निघायची. कधी वरणावर, कधी रुचीच्या अभ्यासावर. आणि दुर्गेश्वरी घरी आणखी गप्प, गाडीत आणखी बोलकी.

मोहफुलं पडायला लागली त्या सुमारास चेन्नईहून दोन बहिणी आल्या. दोघी निवृत्त, केस पांढरे, पायात बूट, हिंदीचा गंध नाही. दुर्गेश्वरीवर त्यांचा असा जीव जडला की पुढच्या प्रत्येक फेरीला त्यांना तीच हवी. उमेंद्र तर तिला चिकटलेलाच होता. दोघी बहिणी इंग्रजी सावकाश बोलायच्या, एकेक शब्द सुटा. त्यांच्याशी बोलताना दुर्गेश्वरीही सावकाश बोलायची. आणि त्याच सावकाशीत उमेंद्रला पूर्ण वाक्य सापडलं.

“काका! बट ही वॉचेस मी, नॉट द रोड. म्हंजे पन तो मलेच पाहते, रस्ता पाहतच नाई. ‘म्हनून वाघ मलेच शोधावा लागते,’ असं म्हनते ती.”

मी हातातला झारा खाली ठेवून हसलो. तो हसला नाही.

“यात हासन्यासारखं का आहे?” मग हळूच, “मी खरंच पाहतो का जी?”

“तिरप्या डोळ्यानं पाहतोस. सारं गेट पाहते तुले पाहताना.”

दुसरा कोणी असता तर इथे खूश झाला असता. बायको चारचौघांत लाडाने आपली थट्टा करते, यापेक्षा माणसाला काय हवं? पण जळक्या माणसाची भूक निराळी. एका ‘पण’चा उलगडा झाला तर तो म्हणाला, मग बाकीचं काय? इतकं बोलते ती, त्या सगळ्यात मी कुठे कुठे आहे?

बहिणींचा परतीचा दिवस होता. सकाळची फेरी आटोपून त्या माझ्या बाकावर बसल्या, मधे दुर्गेश्वरी. मी तिघींना चहा दिला. उमेंद्र चार पावलांवर गाडीची काच पुसत होता, पाठ आमच्याकडे. तिघींचं बोलणं इंग्रजीत, पण इतकं सोपं की माझ्या पोटापुरत्या इंग्रजीलाही ते झेपत होतं. जे निसटलं ते मला नंतर उमेंद्रने सांगितलं. एकही शब्द त्याच्याकडून सुटला नव्हता.

थोरल्या बहिणीने विचारलं, घरीही तू अशीच बोलतेस का? अशीच हसतेस?

दुर्गेश्वरी म्हणाली, “नो, मॅडम. ॲट होम आय हॅव अनदर माउथ.” घरी माझं तोंड वेगळं असतं. मग ती सावकाश सांगत गेली. माझा नवरा चांगला आहे, पीत नाही, हात उचलत नाही. पण त्याला सगळ्याचा राग येतो. मी कोणाशी बोलले, किती बोलले, का हसले. म्हणून घरी एक शब्द बोलायचा तर आधी मनात तीनदा फिरवून बघावा लागतो. इंग्रजी त्याला येत नाही. इंग्रजीत मी त्याच्या शेजारी बसून काहीही बोलू शकते. मला भीती वाटत नाही. त्याचं नावसुद्धा घेता येतं.

“आय लाइक हिज नेम,” ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून हसत हसत तिने ते लागोपाठ घेतलं, “उमेंद्र, उमेंद्र, उमेंद्र.”

काचेवरचं फडकं थांबलं होतं.

मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. मी झारा उंच करून त्याला खुणावलं, गप्प राहा, काच पुस. पण पाठीला कुठे डोळे असतात! आणि असते तरी त्याने ऐकलं नसतं. पूर्ण हिवाळ्याची मेहनत फळाला आली होती. सगळं कळलं होतं त्याला, अगदी सगळं. आणि जे त्याच्या वाट्याचं होतं ते तिने चेन्नईच्या दोन परक्या म्हाताऱ्यांना देऊन टाकलं होतं. ‘मले तुमचं नाव आवडते’ हे एवढं वाक्य त्याला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं आणि त्यांना चहाबरोबर मिळालं. त्या दोन बायांचा त्याला जो हेवा वाटला तो, मला वाटतं, भैयाजीचाही कधी वाटला नसेल.

तो वळला, फडकं हातात तसंच, आणि मोबाइलमधल्या बाईने शिकवल्यासारखं ताठ उभं राहून मोठ्याने म्हणाला, “मॅडम, आय अंडरस्टँड. आय अंडरस्टँड एव्हरीथिंग. आय ॲम उमेंद्र. आय ॲम नॉट अँग्री.”

बहिणींनी टाळ्या वाजवल्या. वंडरफुल, वंडरफुल. उमेंद्रने छाती फुगवून बायकोकडे पाहिलं. आपण रागावलो नाही, हे आपण इंग्रजीत सांगितलं, आता हिला केवढा आनंद होईल, असं त्या शहाण्याला वाटत होतं.

आंघोळ करताना कोणीतरी न्हाणीची ताटी बाजूला सारावी, तसा दुर्गेश्वरीचा चेहरा झाला. तिने पदर खाली सोडला, नीट खोचला, आणि उठून बहिणींच्या पिशव्या गाडीत ठेवायला लागली. निरोप घेतानाही ती त्यांच्याशी फक्त ‘थँक यू, मॅडम, हॅव अ सेफ जर्नी’ एवढंच बोलली.

त्या दिवसापासून गाडीत तिचं इंग्रजी प्रशिक्षणातलं झालं. प्लीज कीप क्वाएट. वॉच युअर हेड. धिस इज स्पॉटेड डीअर. ड्रायव्हरची ओळख, ‘अवर ड्रायव्हर’. बस. पाहुणे काही विचारायचे, ती उत्तर द्यायची, मोजून. कोणी हसायचं नाही, कारण हसण्यासारखं काही नसायचं. उमेंद्रने घरी इंग्रजीत बोलायचा प्रयत्न केला, म्हणजे तिला बरं वाटावं म्हणून. एक दिवस जेवताना म्हणाला, ‘व्हाय आर यू सायलेंट?’ ती म्हणाली, “भात वाढू का?”

रुचीने आजीला विचारलं म्हणे, आईचा गळा बसला का.

उमेंद्र माझ्याकडे येऊन बसला. त्याने चहा मागवला. मग म्हणाला, “काका, आता सारं समजते मले. पन समजाले काही राह्यलंच नाई.”

त्याचा जो राग मला इतके दिवस आला नव्हता, तो त्या दिवशी आला. मी म्हटलं, “तिले बसाले एक जागा होती लेका. तुह्या बाजूची सीट, पन तुले न समजनारी. तिथं बी तू जाऊन बसला. आनि बसला त बसला, वरून बोंबलला, मी आलो म्हनून.”

“मी रागावलो नाई म्हनून सांगितलं ना जी तिले.”

“तुले कोनी विचारलं होतं?”

तो चहा अर्धा टाकून उठून गेला. काही दिवस आला नाही. पाण्याची बाटली घरून आणायचा आणि माझ्याकडे न बघता गाडीत बसून प्यायचा. मला वाटलं, आता हा माझ्यावरही जळतो की काय. मला भरपूर इंग्रजी येतं असं तर याला वाटत नाही ना?

मग एका सकाळी तो आला, थेट भैयाजीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, “तिचा नंबर आजपासून तू घे.”

भैयाजीच्या हातातला घास तसाच राहिला. “मंग तू?”

“मी तुह्या घेतो. रोज.”

“भांडले का बे?”

“नाई.”

“मंग माह्याच गाडीत कायले?”

“तुले इंग्रजीतलं यस-नो बी येत नाई,” उमेंद्र म्हणाला. “आनि तुले शिकाची हौस बी नाई.”

भैयाजीला हा अपमान वाटला की नाही, मला सांगता येणार नाही. त्याने भजी मात्र मागवली आणि पैसे उमेंद्रने दिले. मी कढईकडे बघत राहिलो. ज्या सीटसाठी या माणसाने पूर्ण हिवाळा गेट डोक्यावर घेतलं होतं, ती सीट तो आपल्या हाताने देत होता, आणि देताना त्याचा जबडा असा आवळला होता की दात तुटतील.

बदल रातोरात झाला नाही. पहिल्या फेऱ्यांना दुर्गेश्वरी भैयाजीच्या शेजारीही तशीच ताठ बसायची. उमेंद्र आपल्या गाडीतून रोज बघायचा. बघायचा कसला, डोळ्यांनी गिळायचा. जंगलात दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या की रस्ता देण्यासाठी त्याला बाजूला घ्यावं लागायचं, आणि ती समोरून जायची, भैयाजीच्या शेजारी, मान सरळ. “जळून राहिलो जी, काका,” तो मला उघडच म्हणाला. “आतून कोळसा होऊन राहिलो.” मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? मी त्याला चहा दिला, मोठा कप.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि गेटवर गर्दी वाढली. एका सकाळी भैयाजीची गाडी परतली तीच गलका करत. मागे कॉलेजच्या चार-पाच मुली, बहुतेक मुंबई नाहीतर बंगळुरूकडच्या. अख्खी गाडी हसत होती, आणि त्यात दुर्गेश्वरीचं हसणं होतं. कितीतरी दिवसांनी ते ऐकलं. मी कढईतून भजी काढायची विसरलो, ती काळी झाली.

उमेंद्र आपल्या गाडीजवळ उभा होता, फडकं घेऊन. मुली खाली उतरल्या. त्यातली एक चुणचुणीत पोर त्याच्याकडे बघतच सरळ पुढे आली.

“यू आर उमेंद्र!” ती म्हणाली. मागच्या मुली लागल्या खिदळायला. “शी टोल्ड अस एव्हरीथिंग अबाउट यू!”

त्याचे कान लाल झाले. मला दिसत होतं, ते वाक्य त्याच्या जिभेच्या टोकाशी येऊन बसलं होतं. माझ्याच बाकावर बसून घोकलेलं, भज्यांबरोबर चावलेलं, व्हॉट डिड शी से. फक्त तोंड उघडायचं होतं. भैयाजीच्या गाडीच्या पायरीवर दुर्गेश्वरी थबकली होती, गळ्यात दुर्बीण, एक पाय अजून गाडीतच. तिचं हसू थांबलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती.

उमेंद्रने मान हलवली.

“नो इंग्लिश, मॅडम,” तो म्हणाला. “ओन्ली ड्रायव्हर. नो इंग्लिश.”

पोर हिरमुसली. पायरीवरून दुर्गेश्वरी खाली उतरली. मला वाटलं, ती आता नळावर जाईल, नेहमीसारखी. पण ती मुलींजवळ आली आणि त्याच्या अगदी समोर, हातभर अंतरावर उभी राहून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “उमेंद्र इज अ व्हेरी गुड ड्रायव्हर. बट टुडे ही इज टेलिंग अ लाय.”

मुलींना ती आणखी एक थट्टा वाटली. त्या भज्यांकडे वळल्या. उमेंद्र वाकला आणि गाडीची काच पुसायला लागला, खाली मान घालून, जणू आपल्याला कोणी काही बोललंच नाही.